वहीतले वीस तास

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या वडिलांचे, अण्णांचे, आठ माग होते, टॉवेलचे. कामगारांचा आठवड्याचा हिशेब ते लाल कापडी पुठ्ठ्याच्या उभ्या वहीत लिहायचे. कुणी किती डझन काढले, कुणी किती उचल घेतली, कुणाचा खाडा झाला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मी कॅनडाला निघाले, तेव्हा आईनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बॅगेत कोंबल्या आणि अण्णांनी तसलीच एक कोरी वही वर ठेवली. मी म्हटलं, "अण्णा, तिथं सगळं मोबाइलवर असतंय." ते म्हणाले, "असू दे की. जड आहे का?"

आता साडेचार वर्षांनी पीआर कार्ड, म्हणजे तिकडं कायम राहायच्या परवानगीचं कार्ड, घेऊन गड्ड्याच्या जत्रेला घरी आलेय. अक्षता सोहळा संमती कट्ट्याजवळ उभं राहून बघितला, होम मैदानावर धूळ खाल्ली. पण जुळे सोलापुरात घरी जो येतो तो एकच विचारतो. एजंट कोण होता? नंबर दे की. एजंट नव्हता म्हटलं की लोकांना वाटतं मी लपवतेय.

मुळात एक फरक आपल्याकडं कुणी नीट सांगत नाही, मलाही तो टोरोंटोच्या विमानतळावर कळला. पासपोर्टात चिकटवतात तो व्हिसा फक्त दारातून आत यायला. आत राहायची आणि शिकायची परवानगी म्हणजे वेगळा कागद, स्टडी परमिट. तो तिथं उतरल्यावर अधिकारी छापून हातात देतो. व्हिसाची तारीख गेली आणि परमिट चालू असलं तर देशात राहायला अडचण नाही, फक्त बाहेर गेलं तर परत येताना नवा व्हिसा लागतो. परमिटची तारीख गेली तर मात्र बसलेल्या जागी तुम्ही बेकायदा. परमिटवर अटीही छापलेल्या असतात. माझ्यावर होतं की कॉलेज चालू असताना बाहेरचं काम आठवड्याला २० तासांपर्यंत. मोठ्या सुट्टीत कितीही.

मी ओंटारिओतल्या एका सरकारी कॉलेजात दोन वर्षांच्या डिप्लोमाला होते आणि संध्याकाळी एका किराणा दुकानात काउंटरवर. तिथं अण्णांची वही उघडली. दर शिफ्टला तारीख, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, आठवड्याची बेरीज. पहिल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी बेरीज बरोबर २० झाली होती, रात्रीचे नऊ वाजले होते, बाहेर बर्फ पडत होता आणि पुढच्या शिफ्टची मुलगी अडकली होती. मॅनेजर म्हणाला, अर्धा तास थांब, मशिनवर नोंद करू नको, रोख देतो. मी नाही म्हटलं. मग म्हणाला, बरं, पैसे नको घेऊस, मदत म्हणून थांब. यात गंमत अशी की पैसे घेतले नाहीत म्हणून ते काम ठरत नाही असं नाही. जे काम तिथला माणूस पगार घेऊन करतो, ते तुम्ही फुकट केलं तरी काम ठरू शकतं. मी कोट घातला आणि बाहेर बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. बस चाळीस मिनिटांनी आली. काचेतून त्याची रांग दिसत होती आणि त्याला मी दिसत होते. पुढच्या महिन्यात माझ्या शिफ्ट कमी झाल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं, त्या रांगेचं नव्हे, शिफ्टचं. कारण भाडं त्यातूनच जात होतं.

माझ्याबरोबरच्या तिघी पंचवीस-तीस तास करायच्या, वरचे रोखीत. त्यांना काही झालं नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण नियम मोडला की लगेच वीज पडते असं चित्र रंगवणं खोटं आहे. बहुतेकांना काहीच होत नाही. पण पुढं पीआरच्या फॉर्मवर विचारतात की परवानगीशिवाय कधी काम केलंय का, आणि त्या चौकटीवर खूण करताना हात कसा चालतो ते ज्याचं त्याला माहीत. नंतर २०२२ च्या नोव्हेंबरात सरकारनंच ही मर्यादा तात्पुरती उठवली, २०२४ च्या एप्रिलपर्यंत. आता ती २४ तास आहे. मर्यादा उठली त्या आठवड्यात मी २८ तास केले आणि वहीत आकड्याखाली दोनदा रेघ मारली.

एप्रिल २०२३ ला कोर्स संपला. कॉलेजचं पूर्ण झाल्याचं पत्र आलं की १८० दिवसांत पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटला, म्हणजे शिकून झाल्यावर काम करायच्या परमिटला, अर्ज करायचा असतो. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. दोन वर्षांच्या कोर्सला तीन वर्षांचं. मी स्टडी परमिट चालू असतानाच अर्ज केला, म्हणजे उत्तर येईपर्यंत पूर्णवेळ काम करता येतं. ऑगस्टमध्ये परमिट आलं. फाइल उघडली, नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, आणि मुदत जुलै २०२५. दोनच वर्षं. मला वाटलं छपाईची चूक. तीन वेळा वाचलं. मग कपाटातून पासपोर्ट काढला. मी तो कॉलेजात असताना हौसेनं काढला होता, २०१५ च्या जुलैत. दहा वर्षांचा. पासपोर्ट संपतो त्याच्या पुढं एक दिवसही परमिट देत नाहीत. चूक कुणाचीच नव्हती, माझी होती. अर्ज करायच्या आधी पासपोर्ट नवा केला असता तर एका फटक्यात तीन वर्षं मिळाली असती.

उरलेलं वर्ष बुडत नाही, नवा पासपोर्ट दाखवून वाढवून मिळतं. पण ते परत अर्ज, परत फी, परत वाट. मी म्हटलं, जुलै २०२५ अजून लांब आहे. आपल्या सोलापुरी स्वभावाप्रमाणं, चालतंय की.

सप्टेंबर २०२३ ला एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टरची नोकरी लागली. इथून पीआरचं घड्याळ सुरू झालं. ज्या रस्त्यानं मी गेले त्याला कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लास म्हणतात. गेल्या तीन वर्षांत किमान एक वर्षाचं, म्हणजे १,५६० तासांचं, कौशल्याचं काम कॅनडात झालेलं पाहिजे. सरकारनं सगळ्या धंद्यांना टीअर ० ते ५ अशा पायऱ्या दिल्यात, त्यातल्या ० ते ३ चालतात. किराणा दुकानातला काउंटर त्यात येत नाही. आणि पूर्णवेळ शिकत असताना केलेलं काम तर कुठल्याही पायरीचं असो, धरतच नाहीत. माझ्या वहीतली दोन वर्षं पीआरच्या हिशेबात शून्य. अण्णांना हे फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे खाडा धरला."

एक वर्ष भरलं आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मी एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरसाठी गुणांवर निवड होते त्या सरकारी यादीत, प्रोफाइल टाकलं. वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव, सगळ्याचे गुण. माझे पाचशेच्या आतच भरले. सरकार फेऱ्या काढतं आणि एका रेषेच्या वरच्यांना बोलावतं, आणि त्या हंगामात माझ्या वर्गाच्या फेऱ्यांची रेषा ५०० च्या खाली येतच नव्हती. मी कागद घेऊन बसले, कुठं गळती आहे बघायला. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाला मला साडेसहा बँड होते, बाकी तिन्ही भाग चांगले. तो अर्धा बँड वरवर आठ गुणांचा. पण भारतातल्या अनुभवाचे इंग्रजीशी जोडून मिळणारे गुणही चारही भागांत एक पातळी गाठली तरच पूर्ण मिळतात. सगळं मिळून त्या अर्ध्या बँडनं माझे बरेच गुण खाल्ले होते.

याच काळात अण्णांना नवी पेठेत एक माणूस भेटला. ओळखीतला, मुलं बाहेर पाठवण्याचं काम करणारा. त्यानं माझी माहिती ऐकून घेतली आणि गळती दुसरीकडं शोधली. पुण्यात माझी नोकरी जेमतेम अडीच वर्षांची झाली होती, सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२०. तीन वर्षं पूर्ण झाली की गुण वाढतात, माझ्या बाबतीत २४. त्यानंतर लॉकडाऊन लागलं आणि मी सतरा महिने सोलापुरात घरी होते, अण्णांची बिलं आणि जीएसटी बघत. तो म्हणाला, "मालक, तुमचंच लेटरहेड आहे. सात महिने सॉफ्टवेअरचं काम केलं म्हणून लिहून द्या. टॉवेलच्या कारखान्याला काय सॉफ्टवेअर लागत नाही होय?"

मी अर्धी तयार झाले होते. खोटं कशाला बोलू. मी खरंच त्या सतरा महिन्यांत एक्सेलमध्ये त्यांचा स्टॉक बसवून दिला होता, आणि मनात म्हणत होते की हे अगदीच खोटं नाही. मी फोनवर अण्णांना मजकूर सांगायला लागले. ते म्हणाले थांब. कपाट उघडल्याचा आवाज आला, पानं उलटल्याचा आला. "२०२० ची वही आहे. यात सगळ्यांचे पगार आहेत. तुझं नाव कुठाय?" मी म्हटलं, मी पगार कुठं घेत होते. "तेच विचारतोय. वहीत नाही ते मी लेटरहेडवर कुठून आणू?" त्यांना माझ्या फॉर्मचं काही कळत नव्हतं. खोट्या माहितीवर पाच वर्षांची बंदी लागते हेही त्यांना मी नंतर सांगितलं. त्यांच्या लेखी फक्त दोन कागद जुळत नव्हते.

मग त्या सतरा महिन्यांपुढं मी खरं तेच लिहिलं. नोकरी नाही, वडिलांच्या धंद्यात बिनपगारी मदत. दहा वर्षांचा इतिहास एकही महिना न सोडता द्यावा लागतो. रिकामा महिना चालतो, गाळलेला चालत नाही. आणि नोव्हेंबरात परत आयईएलटीएस दिली. लेखन सात. गुण पाचशेच्या वर गेले.

पदवीच्या मूल्यांकनासाठी विद्यापीठाकडून गुणपत्रकांचं पाकीट सीलबंद जावं लागतं, ते काम अण्णांनी आधीच केलं होतं. केगावला ते दोन वेळा गेले. पहिल्या खेपेला माझ्या एका विषयाच्या एटीकेटीची गुणपत्रिका घरीच राहिली, ती मीच यादीत लिहिली नव्हती. लाज वाटली असावी. दुसऱ्या खेपेला पाकीट त्यांच्यासमोर बंद झालं. आधी डिंक, मग झाकणाच्या सांध्यावर सही अर्धी वर अर्धी खाली, त्यावर गोल शिक्का, वरून पारदर्शक चिकटपट्टी. अण्णा त्या पाकिटावर खूश. म्हणाले, "गठ्ठ्याला असं सील मारलं असतं तर माझा एक टॉवेल चोरीला गेला नसता." गंमत अशी की माझ्या पदवीवर नुसतं सोलापूर विद्यापीठ आहे आणि शिक्क्यावर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, कारण २०१९ ला नाव बदललं. मला रात्री झोप नाही. मूल्यांकनवाल्यांनी एक शब्द विचारला नाही.

पुण्याच्या कंपनीचं पत्र मात्र घाम काढणारं. कॅनडाला पत्रात पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि रोजची कामं पाहिजेत. कंपनीच्या एचआरकडून येतं ते तारखा आणि पद एवढंच, चार ओळी. कामं लिहून देत नाही म्हणाले, धोरण आहे. शेवटी माझ्या तेव्हाच्या टीम लीडनं स्वतःच्या सहीनं वेगळं पत्र दिलं, त्याला पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ जोडले, आणि मी एक पानभर लिहिलं की कंपनी का देत नाही.

फेब्रुवारी २०२५ च्या फेरीत रेषा ५२१ वर आली आणि मला बोलावणं आलं. आता ६० दिवसांत सगळी फाइल. यात भारतातलं पोलिस क्लिअरन्स लागतं, आणि मी वकिलातीच्या केंद्रातून अर्ज करताना पत्ता जुन्या पासपोर्टावरचाच, साखर पेठेचा, उतरवून काढला. आम्ही ते घर सोडून २०१९ लाच जुळे सोलापुरात आलो होतो. पोलिस गेला साखर पेठेत. शेजारच्या अक्कांनी त्याला बसवून घेतलं, चहा दिला, तेलुगू-मराठीत माझं बालपण सांगितलं आणि मग आईला फोन लावला, "पोलिस आलाय, पोरीनं तिकडं काय केलं का ओ?" आई लाइटबिल आणि आधार घेऊन चौकीत गेली. काम झालं, पण माझे बारा दिवस गेले, आणि ते बारा दिवस मी ६० मधून रोज वजा करत होते. मार्चअखेर फाइल गेली. फी १,५२५ डॉलर, एका क्लिकमध्ये.

आणि आता तो जुलै, जो लांब होता. नवा पासपोर्ट जानेवारीतच हातात आला होता, तरी परमिट वाढवायचा अर्ज मी मे महिन्यात केला. मुदत संपायच्या आत अर्ज गेलेला असला की उत्तर येईपर्यंत जुन्याच अटींवर राहता येतं, काम करता येतं. त्याला मेंटेन्ड स्टेटस म्हणतात. मुदतीनंतर एक दिवस जरी गेला असता तर ९० दिवसांत स्टेटस परत मागता येतं, पण तोवर काम बंद. मी सुरक्षित होते. फक्त एक कलम होतं, ते मी वाचून पुढं गेले होते. ही मुभा देशात असेपर्यंतच. बाहेर पडलात की परत आल्यावर नवं परमिट येईपर्यंत काम नाही, आणि परत यायला व्हिसा पाहिजे, तो माझा कधीच संपला होता.

आई रोज माझ्या रात्री साडेनऊला फोन करते, तिकडं सकाळचे सात. ऑगस्टमध्ये एक दिवस फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "नळाला पाणी आलतं बाई, भरण्यात गेलं." सोलापुरात तेव्हा पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, आणि आदल्याच दिवशी तिनं मला सांगितलं होतं की टाकी भरली. मी म्हटलं, आई, पाणी परवा आलं होतं. ती रडायला लागली. अण्णांना छातीत दुखलं होतं, अँजिओप्लास्टी झाली होती, एक स्टेंट. दादानं सगळं निभावलं होतं.

त्या रात्री मी तिकीट काढलं नाही. नियम उघडला, परत वाचला, त्यात फट शोधली. फट नव्हती. जायला कुणी अडवत नव्हतं. यायचं काय, एवढाच प्रश्न होता. सकाळी अण्णांशी बोलले तर आवाज बारीक, पण पहिलं वाक्य, "इडली खाल्ली. तुझ्या परमिटचं काय झालं?" मी गेले नाही. बरोबर केलं का, ते मला माहीत नाही. पीआर मिळालं म्हणून बरोबर ठरलं, असं मला म्हणवत नाही. दादा त्या पंधरवड्यात माझ्याशी तुटक बोलायचा आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी मेल आला. तुम्ही कॅनडातच आहात ना, फोटो द्या, पत्ता द्या. आठवड्यात पोर्टलवर पीआर झाल्याचा कागद. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. परमिटच्या मुदतवाढीचं उत्तर तोवर आलंच नव्हतं, आणि आता त्याची गरजही उरली नव्हती. कार्ड यायला डिसेंबर लागला, आणि कार्डाशिवाय परतीच्या विमानात बसू देत नाहीत. म्हणून गड्डा.

काल खालच्या मजल्यावरचा पोरगा आला, पंचवीस-सव्वीसचा. सप्टेंबरला निघतोय, दोन वर्षांच्या कोर्सला, कॉलेजचं पत्र आलंय. हॉलमध्ये अण्णा गोळ्यांचा डबा घेऊन बसले होते. पोरानं हळू आवाजात विचारलं, "ताई, चोवीस तास कागदावर, ते ठीक आहे. पण वर चार-पाच तास कॅशमध्ये चालतंय की?"

मी म्हटलं, "आधी पासपोर्ट घेऊन ये जा."

तो चपला न घालताच खाली गेला आणि घेऊन आला. मी शेवटची तारीख बघितली. ११ डिसेंबर २०२६.